हजेरीपटावर नाव नसलेल्यांची युनियन

मे 2023 मध्ये कोळसा कामगारांचा अकरावा राष्ट्रीय वेतन करार झाला. किमान हमीची वाढ 19 टक्के, अंमल 1 जुलै 2021पासून, मुदत पाच वर्षे. बल्लारपूर, माजरी, वणीकडच्या खाणींतल्या कायम कामगाराला तो आपोआप लागू झाला. त्यासाठी त्याला कोणा मालकाच्या दारात उभे राहावे लागले नाही. सुरतच्या उधन्यात संचे, म्हणजे यंत्रमाग, चालवणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या माणसाचा मीटरमागचा भाव मात्र आजही शेठ आणि तो, असा दोघांतच ठरतो. 'दोघांत' म्हणायचे एवढेच.

हा फरक का पडला?

खानदेशी माणूस सोशिक, असे एक सोपे उत्तर दिले जाते. ते पटण्यासारखे नाही. अमळनेर, धुळे, जळगावच्या गिरण्यांत युनियनची परंपरा होती, खुद्द साने गुरुजींनी त्या कामगारांत काम केले होते. त्याच मुलखातली माणसे तापी खोऱ्यातल्या रेल्वेने उधना स्टेशनात उतरली. गाडीत बसताना संप विसरली, असे थोडेच होते?

कोळशाकडेही एकदम सगळे मिळाले नाही. खाणी खासगी होत्या तेव्हा तिथेही ठेकेदाराचाच अंमल चाले. व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूरमंत्री म्हणून डॉ. आंबेडकर डिसेंबर 1943 मध्ये धनबाद भागातल्या खाणी पाहायला गेले, आणि 1944 मध्ये खाण कामगारांसाठी कल्याण निधी आला. खरी कलाटणी मिळाली ती 1 मे 1973 रोजी, बिगर-कोकिंग कोळशाच्या राष्ट्रीयीकरणाने. विखुरलेल्या मालकांच्या जागी सरकार हा एकच मालक आला. कामगाराचे नाव नोंदवहीत चढले आणि युनियनला बोलणी करायला समोर कोणीतरी सापडले. (पुढे काही पुढाऱ्यांचा वेळ बदल्या आणि क्वार्टर मिळवून देण्यातच गेला, हेही खरे. शिवाय आता उघड्या खाणींतले कितीतरी काम पुन्हा ठेकेदाराकडे गेले आहे.) थोडक्यात, युनियन उभी राहिली ती धाडसावर तशीच नोंदवहीवरही.

उधन्यात नेमकी तीच नाही. 1948च्या कारखाने कायद्याने वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार भरले की कारखाना ठरे. ते टाळायचे म्हणून एकाच छपराखालचे संचाखाते, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, कागदावर मुलगा, भाऊ, पत्नी यांच्या नावांनी वाटला गेला. पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर, वीज गेली तर तेवढी कमाई बुडाली. कारागीर शेठला ओळखतो, पण त्याच्याकडे नोकरी करतो हे सिद्ध करणारा कागद त्याच्यापाशी नसतो. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1960च्या दशकापासून दक्षिण गुजरातेतल्या अशा फिरत्या मजुरांचा अभ्यास केला. मजूर विखुरलेला राहणे ही मालकाची सोय असते, हे त्यांच्या लिखाणातून वारंवार दिसते. एप्रिल 2020च्या टाळेबंदीत सुरतेतले ओडिया कामगार थकलेली मजुरी आणि घरी जाण्याची परवानगी मागत रस्त्यावर आले. राग पुष्कळ होता, पण त्यांच्या वतीने वाटाघाटीला बसेल अशी मान्यताप्राप्त संघटना नव्हती. दगडफेक झाली, अटका झाल्या.

मराठी माणसाला संघटना जमत नाही, असे तर उधना-लिंबायतमध्ये कोणी म्हणू नये. गणेश मंडळे आहेत, समाजाच्या वाड्या आहेत, मतांची ताकद आहे. हे भाग ज्या नवसारी मतदारसंघात येतात, त्याचे खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. सुरत पोलिसांत शिपाई असताना पोलिसांची युनियन काढायचा प्रयत्न केला म्हणून ते 1984 मध्ये निलंबित झाले होते. युनियन काढू पाहणाऱ्याचे काय होते, हे त्यांना कोणी शिकवायला नको. तरी ही सगळी ताकद मतपेटीपर्यंत जाते, संचाखात्याच्या दारात थबकते. एकाच गावचे, एकाच समाजाचे पन्नास जण पन्नास खात्यांत पांगलेले असले, की मंडळ निघते, युनियन निघत नाही.

21 नोव्हेंबर 2025 रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांनी हा पेच आणखी घट्ट केला. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा दहावरून वीस कामगारांवर गेली. जिथे एकाहून अधिक संघटना असतील, तिथे हजेरीपटावरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटीसाठी एकमेव मानली जाईल. ज्या खात्यात हजेरीपटच नाही, तिथे 51 टक्के कशाचे मोजायचे?

म्हणून उधन्यातली पहिली मागणी भाववाढीची असून चालणार नाही. प्रत्येक खात्यात हजेरीपट आणि प्रत्येक कारागिराच्या हाती पगाराची चिठ्ठी, ही ती मागणी. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मराठी असो वा गुजराती, उधनेकरांनी आधी तेवढेच विचारावे.