लग्नाचा फुलवाला

ओवे गावात लग्न ठरलं, हॉल बुक झाला, की फुलवाल्याचा शोध सुरू होतो. मोबाइलवरचे सजावटीचे फोटो बघून त्याला पक्कं करू नका. सरळ विचारा, माल कुठून आणि कधी आणणार? दादरचा फूलबाजार पहाटेच भरतो. मोगरा कळीतच खुडतात, संध्याकाळी तो उमलतो; म्हणून गोरज मुहूर्ताला गजरे कळ्यांचेच सांगावेत. वैशाखाच्या उन्हात गुलाब दुपारीच मान टाकतो, मंडपाला झेंडूच बरा. एखादा हार हातात घेऊन बघा, दोरा घट्ट आहे का, देठ ओला आहे का. नवरीची वेणी मात्र ताजीच हवी, इथे काटकसर नको. दिवसभर ती तिच्या केसांत असते. बयाणा देताना मुंडावळ्या, हार, वेण्या, तोरणं, सगळं कागदावर लिहून घ्या.