खेळण्याची किंमत आणि खेळाचे मोल

कोणत्याही वस्तूचे मूल्य ठरवावयाचे तर ती कशासाठी केली आहे हे प्रथम पाहावे लागते. नांगराचे मूल्य नांगरटीत, ग्रंथाचे वाचनात आणि औषधाचे रोग हटविण्यात. हा साधा नियम खेळण्यास लावू जाताच मात्र एक चमत्कारिक अडचण उभी राहते. खेळणे खेळण्यासाठीच केलेले असते, आणि खेळले गेले म्हणजे ते झिजते, मोडते किंवा हरवते. उलट जुन्या खेळण्यास बाजारात जी किंमत येते ती ते जितके कमी हाताळले गेले असेल तितकी अधिक. आणि मूळच्या पुठ्ठ्याच्या पेटीतून जे बाहेरच आले नाही ते सर्वांत मोलाचे. म्हणजे ज्याने आपला धर्म पाळला ते कवडीमोल आणि ज्याने तो मुळीच पाळला नाही ते बहुमोल, असा हा उफराटा न्याय आहे. पुढे किंमत येईल या आशेने मुलांची खेळणी न उघडता कपाटात ठेवून देण्याची रीत आता सुशिक्षित कुटुंबांतही शिरू लागली आहे. तेव्हा कोणत्या पिढीच्या खेळण्यांस पुढे काय मोल येईल, हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांचा न राहता आईबापांच्या कर्तव्याचा होऊन बसला आहे. त्याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम व्यवहाराची बाजू पाहू. जुन्या वस्तूस किंमत येते ती तीन कारणांनी: ती दुर्मिळ असावी, सुस्थितीत असावी, आणि तिची ओढ लागलेला कोणी धनवान मनुष्य हयात असावा. पहिल्या दोन कारणांचा बोलबाला फार होतो. वास्तविक तिसरे सर्वांत बलवत्तर होय. मनुष्य चाळिशी-पन्नाशीस पोहोचला, हाती चार पैसे आले आणि आईबापांचे छत्र हरपले, म्हणजे त्यास आपल्या लहानपणच्या वस्तूंची आठवण होऊ लागते. त्या वेळी तो जी किंमत मोजतो ती पत्र्याच्या मोटारीची नसते. गेलेल्या दिवसांची असते. म्हणून प्रत्येक पिढीच्या खेळण्यांस एक ऋतू असतो. ती पिढी मिळवती होते तेव्हा भाव चढतो, आणि तिच्याबरोबर ती ओढही मावळली की वस्तू केवळ कारागिरीच्या बळावर उभी राहते. ज्यात कारागिरी नाही ते खाली बसते.

शिवाय, जे कोणी जपले नाही तेच पुढे दुर्मिळ होते. याचे उदाहरण आमच्या मावळातच आहे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईस घाटकोपर येथे काढलेला शिळाछापखाना पुढे लोणावळ्यानजीक मळवली येथे आला. तेथे छापलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे गरीब घरांतूनही भिंतीवर लागली, धुराने काळवंडली आणि नवे चित्र आले की काढून टाकली गेली. १९७२ साली त्या छापखान्यास आग लागून बहुतेक सारे भस्मसात झाले. आज त्याच चित्रांच्या चांगल्या प्रती लिलावात मोठ्या बोलीने विकल्या जातात. ती विकत घेणाऱ्या कोणीही आपण ठेव ठेवीत आहो असे समजून ती घेतली नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच्या अगदी उलट प्रकार अमेरिकेत घडला. टाय नावाच्या कंपनीने १९९३ मध्ये 'बीनी बेबीज' या नावाची, आत प्लास्टिकचे बारीक दाणे भरलेली लहान कापडी जनावरे बाजारात आणली. एकेक जनावर अकस्मात बंद करून कंपनीने कृत्रिम टंचाई उत्पन्न केली, आणि लोकांनी ती मुलांसाठी न घेता पेन्शनीची पुंजी समजून पेट्या भरून घेतली. १९९९ मध्ये लास व्हेगास येथे घटस्फोट घेणाऱ्या एका जोडप्याने न्यायाधीशासमोर जमिनीवर बसून ती जनावरे आपसांत वाटून घेतली. थोड्याच दिवसांत भाव कोसळला, कारण सर्वांनीच जपलेली वस्तू दुर्मिळ कशी व्हावी? संग्राहकाच्या हेतूनेच संग्राहकाचा हेतू बुडाला.

आता पिढ्यांचा विचार करू. पहिली पिढी लाकूड, माती व लाख यांची. सावंतवाडीच्या चितारआळीतील रंगीत लाकडी फळे व बाहुल्या, पितळेची व लाकडाची भातुकली, आणि विदर्भातील तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदीबैल ही तिची ठळक रूपे. तान्हा पोळा नागपूरकर भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केला असे सांगतात. त्या दिवशी मुले चाकांवरचा लाकडी बैल ओढीत घरोघर जातात, आणि कित्येक घरांत आजोबांचा बैल नातू ओढतो. ही खेळणी टिकतील, कारण त्यांत कारागिराचा हात आहे आणि मोडले तर सुताराकडून दुरुस्त होते. दुसरी पिढी पत्र्याची व सेल्युलॉइडची. ती जर्मनीहून व पुढे जपानहून आली. किल्लीच्या पत्र्याच्या खेळण्यांस आज मान आहे, परंतु सेल्युलॉइड स्वभावतःच ज्वालाग्राही असून काळाने ठिसूळ होते. विलायतेत १९३४ पासून 'डिंकी' या नावाने निघालेल्या ओतीव मोटारींपैकी युद्धपूर्व काळातील कित्येक, जस्ताच्या मिश्रधातूत शिसे राहून गेल्यामुळे, कपाटात जपून ठेवलेल्या असताही आपोआप तडकून तुकडे झाल्या आहेत.

तिसरी पिढी प्लास्टिकची. १९८७ मध्ये निघालेल्या फनस्कूल कंपनीचा कारखाना गोव्यात आहे. तिने परदेशी साच्यांतून काढलेले 'जी. आय. जो' सैनिक मूळच्याहून निराळ्याच रंगांत निघाल्यामुळे आज परदेशातील संग्राहक ते मुद्दाम शोधतात. ज्या मुलांनी ते शाळेच्या दप्तरात कोंबून नेले त्यांच्या स्वप्नातही हे नव्हते. परंतु मऊ प्लास्टिकातील तैलद्रव्य वर्षानुवर्षे पाझरत राहते आणि बाहुलीचे अंग चिकट होते. तेव्हा या पिढीचे आयुष्य बेताचेच समजावे. चौथी पिढी पडद्यावरच्या खेळांची. तीत हाती धरण्यासारखी वस्तूच उरत नाही. कंपनीने आपले यंत्र बंद केले की खेळ नाहीसा. आजची मुले पन्नाशीस येतील तेव्हा त्यांस आठवण होईल, पण ती कशावर टेकवावी हे त्यांस कळणार नाही. आम्हांस या पिढीची किंमत करण्यापेक्षा तिची कीव अधिक येते.

येथवर झाले ते बाजाराचे गणित. आता त्यातील नीतीकडे वळू. कोणी म्हणेल, "जपणारे नसते तर संग्रहालये कोठून झाली असती? आणि बापाने मुलासाठी दोन पैसे राखून ठेवले तर त्यात पाप कोणते?" हा आक्षेप टाकाऊ नाही. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये काशाच्या चार वस्तू सापडल्या: बैलजोडी जुंपलेला रथ व त्याचा सारथी, आणि हत्ती, गेंडा व रेडा. त्यांचे एकत्र वजन साठ किलोंहून अधिक आहे. त्या चाकांच्या असल्यामुळे पाहणाऱ्यास प्रथम खेळणीच वाटतात; परंतु इतके जड खेळणे कोणते मूल ओढणार? म्हणून पुष्कळ विद्वान त्या पूजेच्या वा मिरवणुकीच्या मानतात. सुमारे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या मनाचा हा एवढा धागा जपलेल्या वस्तूमुळेच हाती आला, हे खरे. पुण्यास दिनकर गंगाधर केळकर यांनी आपला बालवयात वारलेला मुलगा राजा याच्या नावाने जो प्रचंड संग्रह उभा केला, त्यातही बाहुल्या व खेळणी आहेत. तो संग्रह त्यांनी पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

परंतु केळकरांचे उदाहरण आक्षेपकाच्या बाजूचे नसून आमच्या बाजूचे आहे. त्यांनी मुलाच्या हातातून खेळणे काढून घेऊन संग्रह केला नाही. खेळून झालेल्या, वापरून टाकलेल्या वस्तू दारोदार हिंडून मिळविल्या, आणि शेवटी विकल्या नाहीत, दिल्या. जपणे दोन प्रकारचे आहे. एकात वस्तूचा धर्म पुरा झाल्यावर तिची आठवण राखली जाते; दुसऱ्यात तिचा धर्मच होऊ दिला जात नाही. पहिले श्राद्धासारखे आहे; दुसरे जन्मलेल्या मुलास पाळण्यातून बाहेर येऊ न देण्यासारखे. आणि बाजारही कधी कधी हा भेद ओळखतो. १९०४ च्या सुमारास जर्मनीत श्टाइफच्या कारखान्यात केलेले एक कापडी अस्वल १९९४ मध्ये लंडनच्या लिलावात १,१०,००० पौंडांस गेले. ते ज्याचे होते त्या इंग्रज कर्नलाने ते जन्मभर सोबत बाळगले होते. लोकांनी पैसे दिले ते त्या सोबतीसाठी.

खेळण्यात सोने घातले म्हणजे काय होते, हे शूद्रकाने 'मृच्छकटिका'त फार पूर्वी दाखवून ठेविले आहे. चारुदत्ताचा मुलगा शेजाऱ्याच्या सोन्याच्या गाडीसाठी रडतो. दासी त्यास मातीची गाडी करून देते, पण तो ऐकत नाही. तेव्हा वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडीत भरते. तिच्या औदार्याविषयी शंका नाही. परंतु पुढे तेच दागिने न्यायसभेत मैत्रेयाजवळून खाली पडतात आणि चारुदत्तावरील खुनाच्या आरोपास पुरावा होऊन बसतात. गाडी मातीची होती तोवर ती कोणाच्या कामी आली नसती आणि कोणाच्या जिवावरही उठली नसती. देवलांच्या नाटकामुळे ही कथा मराठी रसिकांच्या घरोघरी गेली. तीतील हा धडा मात्र आम्ही घेतलेला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. कपाटात राहिलेली खेळणी ही कपाट असलेल्या घरांची असतात. शिरगाव हे पवनेच्या खोऱ्यातले मावळी गाव. येथे गुराख्याच्या मुलाने ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी केली, चिखलाचे बैल केले, चिंचोके आणि सागरगोटे खेळले. यातले काहीही कोणत्याही लिलावात येणार नाही. आता येथील साईमंदिरामुळे गावास प्रतिशिर्डी म्हणतात, आणि अशा देवस्थानांच्या वाटेवरील दुकानांत मिळणारी प्लास्टिकची मोटार हे त्याच गुराख्याच्या नातवाचे खेळणे झाले आहे. तीही आठ दिवसांत मोडेल. उद्याचा इतिहासकार उरलेल्या वस्तूंवरून बालपणाचा इतिहास लिहू लागला, तर त्यास असे वाटेल की महाराष्ट्रात मुले फक्त श्रीमंतांच्याच घरी होती. म्हणून जपावयाचेच असेल तर वस्तूपेक्षा तिची कृती जपावी: चिपाडाची गाडी कशी करतात, सागरगोट्यांचे डाव कोणते, हे जाणत्या आजीबाईंकडून लिहून घ्यावे. यास पैसा लागत नाही. मात्र उशीर केला तर हे कोणत्याही किमतीस मिळणार नाही.

या खोऱ्यातील मुलांचे सर्वांत थोर खेळणे तर मुळीच न ठेवण्यासारखे आहे. दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला रचतात, त्यावर हळीव पेरतात, मातीचे मावळे उभे करतात, शिवाजी महाराजांस सिंहासनावर बसवितात. सभोवती खरे किल्ले आहेत; त्यांपैकी लोहगडास २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले आणि त्याचे रक्षण हे सर्वांचे कर्तव्य ठरले. ते योग्यच झाले. परंतु अंगणातला किल्ला महिनाभरात पाडला जातो, आणि पाडण्यातही मुलांस आनंद होतो. त्याची बाजारातली किंमत शून्य. तरी ज्या मुलाने तीनशे वर्षांनंतर स्वतःच्या हातांनी बुरूज लिंपला, त्यास खरा लोहगड पाहताना जे दिसते ते इतरांस दिसत नाही. किल्ला गेला, पण त्याचे काम झाले.

तात्पर्य, पुढच्या पन्नास वर्षांत कोणत्या खेळण्यास किती भाव येईल हे सांगण्याचा धंदा ज्यांस करावयाचा त्यांनी सुखाने करावा. लाकडास येईल, पत्र्यास काही काळ राहील, प्लास्टिकास क्वचित येईल, एवढेच ढोबळ भाकीत आम्ही करू. आईबापांस मात्र आमचे सांगणे निराळे आहे. पैसा वाढवावयाचा असेल तर त्यास पेढ्या पुष्कळ आहेत. मुलाचे बालपण ही त्यांपैकी एक नव्हे. घरी आणलेल्या खेळण्यास "हात लावू नकोस" असे ज्या मुलास सांगितले जाते, ते मूल मोठेपणी त्या खेळण्याची आठवण म्हणून काय विकत घेणार? त्याच्याजवळ पेटी असेल. ओढ असणार नाही. आणि ओढ नसली म्हणजे, वर सांगितलेल्या बाजाराच्या हिशेबानेसुद्धा, त्या पेटीस गिऱ्हाईक मिळावयाचे नाही.