लोकवर्गणीचं घर

२९ ऑगस्ट २००५. कॅटरिना वादळात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातल्या कालव्याची भिंत फुटली आणि लोअर नाइन्थ वॉर्ड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली घरं पायापासून उखडून वाहून गेली. बहुतेक घरं भाड्याची नव्हती, आजोबा-पणजोबांनी राबून बांधलेली होती.

आठवड्याभरात, नदीपलीकडच्या अल्जियर्स भागात राहणारे मलिक रहीम सोबत्यांना घेऊन कामाला लागले. हाताशी होते जेमतेम ५० डॉलर. त्यातून ‘कॉमन ग्राउंड’ ही संस्था उभी राहिली. मग ठिकठिकाणांहून लहान लहान देणग्या येऊ लागल्या, स्वयंसेवक येऊ लागले. तोंडाला मास्क, हातात पहार. भिंतींवरचा बुरशी धरलेला थर खरवडून काढायचा, भिजलेल्या गाद्या, कपाटं बाहेर टाकायची आणि आतला लाकडी सांगाडा वाळू द्यायचा. सांगाडा वाचला तर घर वाचतं.

सरकारी मदतही होती. पण ‘रोड होम’ या सरकारी योजनेत अनुदानासाठी घराची जुनी बाजारभावाची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यांतला कमी आकडा धरला जाई. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत घरांना भाव आधीच कमी. लाकूड तेच, खिळे तेच, मजुरी तीच, अनुदान मात्र तोकडं! हा उघड अन्याय होता. लोक कोर्टात गेले, २०११ मध्ये तडजोड झाली. तोवर कितीतरी कुटुंबं वर्गणी आणि श्रमदानावरच तगून होती.

लोअर नाइन्थ वॉर्डमधली मार्टिन ल्यूथर किंग शाळाही २००६ मध्ये ‘कॉमन ग्राउंड’च्या स्वयंसेवकांनी परवानगीची वाट न पाहता साफ केली. पुढच्या वर्षी तिथे पुन्हा वर्ग भरले.