शुद्ध तर्क कुणाच्या बापाचा?

परवा विहारातल्या अभ्यासिकेत एक पोरगा उठला. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला, बाप सेंट्रिंगच्या कामावर. म्हणाला, "सर, मला एमपीएससी नाय करायची. मला गणिती तर्कशास्त्र शिकायचंय." मागनं आमचा जुना कार्यकर्ता बोलला, "वस्तीत नळाला पाणी नाय, आन् हा चालला तर्क शिकायला!" सगळे हसले. मीही हसलो. पोरगा खाली बसला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पाण्याचं म्हणणं खरं होतं. माझं हसणं मात्र खोटं होतं.

प्रश्न नीट मांडू. ज्याच्या मागं अख्खा नाडलेला समाज उभा आहे, त्यानं अशा विद्येला आयुष्य द्यावं का, जिचा उद्या काही उपयोग दिसत नाही? आपण 'समाजाचं ऋण' म्हणतो तेव्हा हाच प्रश्न विचारत असतो. तो हसण्यावारी नेता येणार नाही.

आधी ही विद्या काय ते बघू. १९३१ साली कुर्ट गोडेलनं सिद्ध केलं की, अंकगणित मांडण्याइतक्या ताकदीच्या, विसंगती नसलेल्या आणि ठरीव नियमांनी चालणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेत असं विधान असतंच, जे तिच्या नियमांनी सिद्धही होत नाही आणि खोटंही ठरत नाही. (हे लगेच मनुस्मृतीला चिकटवू नका. ते गणित आहे, गणितच राहू द्या.) १९३६ साली अ‍ॅलन ट्युरिंगनं कागदावर एक काल्पनिक यंत्र मांडलं आणि यंत्राला काय जमेल, काय कधीच जमणार नाही, याची हद्द आखली. आजच्यासारखा संगणक तेव्हा कुठंच नव्हता. आधी विचार झाला, यंत्र मागनं आलं.

त्याच १९३६ साली बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनाचं, करू न दिलेलं भाषण स्वतः छापलं. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यातला मुद्दा आपल्याला पाठ आहे. मग तोच मुद्दा संगणकाला लावून बघा. आपल्या पोरांनी एमएससीआयटीचं सर्टिफिकेट घ्यायचं, डेटा एण्ट्री करायची, फार तर कोडिंग शिकून कंपनीत चिकटायचं. आणि संगणकाला मुळात काय शक्य आहे हा विचार? तो दुसऱ्यांनी करायचा. हाताचं काम आपल्याकडं, डोक्याचं त्यांच्याकडं. ही वाटणी नवी आहे काय?

म्हणजे 'आपल्याला उपयोगाचंच शिका' हा सल्ला कितीही मायेचा असला, तरी तो जुनाच नियम नवा सदरा घालून येतो. १९२७ साली महाडला आपली माणसं काय नुसती तहान भागवायला गेली होती? हक्क सांगायला गेली होती. विद्येचं तळंही तसंच आहे. त्यातल्या अमुकच घाटावर उतरा असं आपणच आपल्या पोरांना का सांगावं?

आणि तर्क आपल्याला परका नाही. सातव्या शतकातला धर्मकीर्ती हा बौद्ध तर्कपंडित. बुद्धी मंद झाल्याच्या खुणा मोजताना त्यानं जातीचा ताठाही त्यात धरला.

शिवाय या विद्येला प्रयोगशाळा लागत नाही. पेन, कागद आणि वेळ लागतो. २००२ साली कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट व खात्रीनं ठरवायची रीत काढली. जगानं मान तुकवली. १९७१ सालचा एक प्रश्न अजून सुटलेला नाही. शाळेचं वेळापत्रक बिनचूक आहे का, हे पटकन तपासता येतं. पण पटकन तपासता येणारं सगळं पटकन शोधताही येतं का? २००० सालापासून त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे.

आता वाटा. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट स्वतःची प्रवेश परीक्षा घेते. तिथं गणित आणि संगणकशास्त्राची एकत्र पदवी आहे. तिथल्याच गणितीय विज्ञान संस्थेत पीएच.डी.साठी जेस्ट ही परीक्षा चालते. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्था. आयआयटीत गेट किंवा जेआरएफवर जाता येतं. परदेशात अ‍ॅमस्टरडॅमला तर्कशास्त्राचीच दोन वर्षांची एम.एस्सी. आहे.

पण दारावर काय लिहिलंय तेही वाचा. केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशाच्या आरक्षणाचा २००६ चा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात काही संस्था आरक्षणातून वगळल्या आहेत. टाटा संस्था त्यात आहे, चेन्नईची गणितीय विज्ञान संस्थाही आहे. आयआयटीत १५ टक्के जागा अनुसूचित जातींना, साडेसात जमातींना. आणि जिथं निव्वळ विचार चालतो तिथं सूट! सिद्धता जात विचारत नाही, कुणीही ओळ न् ओळ तपासावी. पण सिद्धतेपर्यंत पोचायच्या रांगेत जात उभीच असते.

दुसरं. परदेशी शिक्षणाच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारताची संस्कृती, इतिहास आणि समाज यांवरचे विषय काढून टाकले. म्हणजे जातीवर संशोधन करायला बाहेर जायचं तर हे पैसे नाहीत, तर्कशास्त्राला मिळू शकतात. तर्क निरुपद्रवी, असं त्यांना वाटतं. वाटू द्या.

ऋणाचं काय मग? शिकलेला पाठ फिरवतो ही भीती खोटी नाही. पण कलेक्टर झालेलाही पाठ फिरवतो. तो दोष विषयाचा नाही. ऋण फेडायचं ते आपल्या मागचं दार उघडं ठेवून. एकानं आत जावं, चौघांना सांगावं. आणि आपण बाहेरच्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावेत: या संस्थांत आपले विद्यार्थी किती, प्राध्यापक किती? पाण्याच्या मोर्चाइतकंच हेही चळवळीचं काम.

मी त्या पोराच्या घरी गेलो. म्हणालो, "हसलो ते चुकलो." रविवारपासून अभ्यासिकेत तर्काचा तास सुरू केलाय. पाण्याचा मोर्चा सोमवारी आहे. दोन्हीकडं या.

जय भीम.