तबकडी नसलेलं विज्ञान

आंबेगाव तालुक्यातल्या शिनोलीच्या विद्यार्थ्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं काम पाहायला मुंबई गाठावी लागत नाही. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदच्या परिसरात, या संस्थेची रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या लांबूनही नजरेत भरतात. याच संस्थेच्या कुलाब्यातल्या इमारतीत असंही काम झालं, जे कुणाला दाखवता येत नाही. विजयकुमार पाटोदी यांचं गणित त्यातलंच. महाराष्ट्राच्या विज्ञानेतिहासात त्याला दुर्बिणीच्या बरोबरीचं स्थान मिळायला हवं.

नुसता आवाज ऐकून ढोलाचा आकार सांगता येईल का, असा प्रश्न गणितज्ञ मार्क काट्स यांनी 1966 मध्ये विचारला. तमाशाच्या नारायणगावला तो परका वाटू नये. ढोलकीच्या पुडीचा ताण बदलला की नाद बदलतो, हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही. गणितातला प्रश्न उलट दिशेने जातो: नादातून आकाराचं किती कळतं?

नादातून कळणारी एक गोष्ट म्हणजे ऑयलर अंक, आकाराची घडण सांगणारी एक संख्या. गोलाचा ऑयलर अंक 2, टायरच्या पृष्ठभागाचा 0. पृष्ठभाग दाबा, ताणा, हा अंक हलत नाही. 1967 मध्ये गणितज्ञ मॅकीन आणि सिंगर यांनी तो उष्णतेच्या समीकरणातून काढला; उष्णता कशी पसरते तेही आकाराच्या कंपनसंख्यांवरच ठरतं. आकारावर निरनिराळ्या प्रकारच्या राशी उष्णतेसारख्या पसरू द्यायच्या आणि त्यांच्या बेरजा आलटून पालटून अधिक-उणे करायच्या. उत्तर प्रत्येक क्षणी तेच येतं. मात्र अगदी सुरुवातीच्या क्षणाकडे गेलं की वक्रतेची असंख्य पदं उसळतात, काही तर अनंताकडे धावतात. ती प्रत्येक बिंदूपाशी एकमेकांना छेदून जात असावीत, अशी त्या दोघांची अपेक्षा होती. जास्त मितींत ते कुणी दाखवलं नव्हतं. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या पाटोदींनी थेट आकडेमोडीने ते सिद्ध केलं. 1971 मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला.

यात सममिती आणली की चित्र आणखी उजळतं. चेंडू अक्षाभोवती थोडा फिरवा: सगळे बिंदू सरकतात, दोन ध्रुव जागचे हलत नाहीत. स्थिर बिंदू दोन, आणि ऑयलर अंकही 2. अख्ख्या पृष्ठभागाचा हिशेब स्थिर जागांपाशी गोळा होतो. अशा हिशेबातून निघणाऱ्या, ऑयलर अंकासारख्या संख्येला निर्देशांक म्हणतात. सममितीसह तो काढण्याच्या शास्त्राचं हेच मर्म. या वाटेवर पाटोदींनी हॅरोल्ड डॉनेली यांच्यासोबत केलेला निबंध 1977 मध्ये छापला गेला, तेव्हा पाटोदी हयात नव्हते. 21 डिसेंबर 1976 रोजी, मूत्रपिंडाच्या आजाराने, वयाच्या 31व्या वर्षी ते गेले होते.

त्याआधी गणितज्ञ अतिया आणि वर आलेले सिंगर यांच्यासह त्यांनी तीन निबंध लिहिले होते. आकाराला कड असेल तर निर्देशांकाच्या सूत्रात एक दुरुस्ती करावी लागते. त्या कडेवरच्या धन आणि ऋण कंपनसंख्यांमधला असमतोल मोजणारी ईटा ही राशी त्या दुरुस्तीत येते. पुढे 1989 मध्ये बिस्म्यू आणि चीगर या गणितज्ञांनी, पायाच्या प्रत्येक बिंदूवर एकेक आकार उभा असलेल्या तंतुमय अवकाशांसाठी, या एका संख्येच्या जागी पायावर पसरलेली ईटा-रूपं आणली. आज या विषयातल्या संशोधकाला अतिया-पाटोदी-सिंगर हे नाव टाळून पुढे जाता येत नाही.

याचा उपयोग काय, असं विचारलं जाईल. पुंज क्षेत्र सिद्धान्तात निर्देशांक सिद्धान्त वापरला जातो, हे एक उत्तर. पण पाटोदी ही आकडेमोड करत होते तेव्हा असल्या उपयोगाची हमी त्यांच्याकडे कुणी मागितली नाही, हे अधिक मोलाचं. पाटोदींचा जन्म 1945चा, मध्य प्रदेशातल्या गुना इथला. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली तीही त्याच वर्षी. एम. एस. नरसिंहन आणि एस. रामानन यांच्यासारखे मार्गदर्शक आणि विचार करायला मोकळा वेळ तिने या तरुणाला दिला. आज संशोधनाचा खर्च दिसणाऱ्या फळांवरून जोखला जातो, तेव्हा हे उदाहरण पुढे ठेवायला हवं.

पाटोदींचे संकलित निबंध 1996 मध्ये इंग्रजीत निघाले. घोडेगाव-मंचरच्या महाविद्यालयांत गणित शिकणाऱ्या मुलामुलींसाठी त्यांच्या कामाची ओळख करून देणारं चांगलं पुस्तक मराठीत यायला हवं. गणिताच्या प्राध्यापकांनी आणि विज्ञानलेखकांनी ते मनावर घ्यावं.