दुसऱ्याची प्रार्थना गाताना

ज्या नामापुढे आपण उपासनेसाठी गुडघे टेकत नाही, त्या नामाची आळवणी आपल्या कंठातून व्हावी काय? कर्नाटक संगीत शिकू पाहणाऱ्या ख्रिस्ती विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न अगदी रोकडा होऊन उभा राहतो. हिंदुस्थानी ख्यालात शब्द थोडे असतात, ते आलापीत विरघळून जातात आणि त्यांचे विषयही ऋतू, विरह, सासुरवास असे पुष्कळदा लौकिक असतात. दक्षिणेकडील कर्नाटक पद्धतीत मैफलीचा कणा असते ती ‘कृती’, आणि कृती म्हणजे बहुधा उघडउघड प्रार्थना. त्यागराजांच्या (१७६७–१८४७) तेलुगू कृती श्रीरामाशी बोलतात, रुसतात, विनवण्या करतात. मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या संस्कृत कृती क्षेत्रोक्षेत्रीच्या देवतांची वर्णने करतात, तर श्यामा शास्त्री देवीला आई म्हणून हाक घालतात. माटुंग्यासारख्या वस्तीत राहणाऱ्या आपल्या एखाद्या कुटुंबातील मुलगी शेजारच्या तमिळ बाईंकडे हे संगीत शिकू लागली, तर तिच्या आईवडिलांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. ती शंका हसण्यावारी नेऊ नये. तिच्या मुळाशी श्रद्धेविषयीचा प्रामाणिकपणा आहे.

या विद्येची सुरुवात मात्र कोणत्याच देवनामाने होत नाही. विद्यार्थ्याला प्रथम मायामाळवगौळ रागातील ‘सरळी वरिसै’ दिल्या जातात. सा रे ग म प ध नी सा, चढायचे आणि उतरायचे, मग त्याच स्वरांच्या निरनिराळ्या जुळण्या. हा पाठक्रम सोळाव्या शतकातील कन्नड संतकवी पुरंदरदासांनी लावून दिला, असे परंपरा मानते. पंढरीच्या विठ्ठलाचे नाव आपल्या मुद्रिकेत धारण करणारे हे संत, म्हणून मराठी माणसाला ते परके वाटू नयेत. प्रत्येक पाठ तीन लयींत म्हणायचा. हाताने आदितालाच्या आठ मात्रा मोजायच्या: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधले बोट, त्यानंतर टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा. मागे तंबोऱ्याची श्रुती अखंड चालू असते. लय दुप्पट झाली तरी हात जागचा ढळता कामा नये. त्यानंतर जंटा वरिसै, सात तालांचे अलंकार, असे महिन्यामागून महिने जातात. ज्याला ‘गाणे’ म्हणावे असे काही अजून हाती लागलेले नसते.

या काळात विद्यार्थ्याच्या मनाला जे वळण लागते, त्याला आमच्या सेमिनरीतल्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक नाव होते. संत थॉमस अक्वायनस शहाणपणाच्या सद्गुणाचे घटक सांगताना त्यात ‘दोचिलितास’ म्हणजे शिकवून घेण्याची तयारी मोजतात, आणि या बाबतीत कोणीही, अगदी वयोवृद्धही, स्वयंपूर्ण नसतो असे बजावतात. श्रुती माझ्या आधी तिथे आहे, ताल माझ्यासाठी थांबणार नाही, स्वर चुकला तर माझे मत काय आहे याला काही किंमत नाही, हे ज्या मुलाला दहाव्या वर्षी कळले, त्याला नम्रतेवर वेगळे प्रवचन द्यावे लागत नाही. येथवर कोणाही पालकाची तक्रार असण्याचे कारण नाही.

मग पहिले ‘गीतम्’ येते. रूढ क्रमाप्रमाणे ते पुरंदरदासांचे, मलहरी रागातील, आणि ते असते गणेशाच्या स्तुतीचे. एवढ्या खटाटोपानंतर विद्यार्थ्याला भेटणारे पहिलेच सार्थ शब्द म्हणजे दुसऱ्याची प्रार्थना. ज्यांना वाटते की असले प्रश्न मोठ्या गवयांनी सोडवावेत, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. प्रश्न पहिल्या इयत्तेतच दार ठोठावतो.

यावर एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते: “शब्दांकडे कशाला पाहता? आपल्याला स्वरांशी मतलब.” हे उत्तर सोयीचे आहे; पण ते या संगीतालाच मान्य नाही. नेरवल नावाच्या प्रकारात गायक कृतीतील एकच अर्थपूर्ण ओळ घेतो आणि तालाची चौकट न मोडता तीच ओळ, त्याच शब्दांसह, नवनव्या स्वरांत विणत जातो. शब्द चुकीच्या जागी तोडला आणि अर्थाचा अनर्थ झाला, तर जाणता श्रोता कपाळाला आठ्या घालतो. व्हायोलिन शिकणाऱ्यालाही शब्द ठाऊक असावे लागतात, कारण गजाची चाल शब्दांच्या घडणीवर ठरते. १९४३ साली चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासेत, तमिळ इसै संगम स्थापन झाला. मैफलीतील बहुसंख्य गीते तेलुगू-संस्कृतात असल्याने आपल्याच लोकांना ती कळत नाहीत, ही तमिळ रसिकांची त्यामागची तक्रार होती. शब्द निरर्थक असते, तर एवढी चळवळ कोणी केली असती? आणि सर्वांत मोठा साक्षीदार स्वतः त्यागराज. भक्तीवाचून नुसते संगीतज्ञान सन्मार्गाला नेत नाही, हा त्यांच्या धन्यासी रागातील एका प्रसिद्ध कृतीचा आशयच आहे.

कावेरीकाठच्या या रामभक्ताचे बोलणे ऐकताना मला संत ऑगस्टीन आठवतात. आपल्या ‘कबुलीजबाबां’च्या दहाव्या भागात त्यांनी याच धास्तीची कबुली दिली आहे. श्रद्धेकडे वळल्यानंतरच्या दिवसांत ख्रिस्तसभेची गीते ऐकून त्यांचे डोळे पाझरले होते, हे ते विसरत नाहीत. पण ज्या क्षणी गीताच्या आशयापेक्षा गाण्यानेच मन अधिक हलते, त्या क्षणी आपण पाप करतो, असे त्यांना वाटे. अलेक्झांड्रियाचे संत अथानेशियस स्तोत्रे इतक्या बेताच्या चढउतारांनी म्हणवून घेत की ते गाण्यापेक्षा बोलण्याच्याच जवळ जाई. हा मार्ग अधिक निर्धोक नव्हे काय, असाही विचार ऑगस्टीन करतात. अखेरीस मंदिरातील गायनाच्या बाजूनेच ते कौल देतात, पण मनातली खूण पुसत नाहीत. चौदा शतकांचे अंतर, धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, तरी दोघांचे एकमत आहे: नाद गोड लागला म्हणून आशयाकडे पाठ फिरवू नये. “आपल्याला स्वरांशी मतलब” असे म्हणणारा ख्रिस्ती विद्यार्थी त्यागराजांशी तर अप्रामाणिक होतोच, तो ऑगस्टीनशीही होतो.

दुसरे सोपे उत्तर उलट टोकाचे: “मग तिकडे फिरकूच नका.” द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली अन्य धर्मांविषयीच्या आपल्या घोषणापत्रात सांगितले की, त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, त्यातील काहीही ख्रिस्तसभा झिडकारत नाही. त्याआधी १९६३ सालच्या उपासनाविषयक संविधानात परिषदेने लोकांच्या आपापल्या संगीतपरंपरांना योग्य मान देण्यास सांगितले होते. ज्याला मान द्यायचा त्याची ओळखच करून घ्यायची नाही, हे कसे जमावे? शिवाय दरवाजा एकाच बाजूने उघडलेला नाही. युरोपातून आलेले व्हायोलिन मुत्तुस्वामींचे धाकटे बंधू बाळुस्वामी दीक्षितर यांनी कर्नाटक संगीतात रुजवले, आणि आज त्याच्याशिवाय मैफल भरत नाही. फोर्ट कोचीच्या लॅटिन कॅथलिक कुटुंबात १९४० साली जन्मलेले के. जे. येसुदास यांना चेंबै वैद्यनाथ भागवतर यांच्यासारख्या थोर गायकाने शिष्य म्हणून जवळ केले. श्रीरंगमचे शेख चिन्न मौलाना (१९२४–१९९९) हे धर्माने मुसलमान, आणि नादस्वरवादनात त्यांना थोरल्यांचा मान. ही माणसे आपापल्या श्रद्धेची ओळख न पुसता त्या घरात वावरली.

तेव्हा शिकायचे, पण कोणत्या नात्याने? मला एक दाखला सुचतो. गावोगावी साक्षरता कमी होती, त्या काळात बोटीवर किंवा परमुलखात नोकरीला गेलेल्या मुलाचे पत्र आले की, आई ते घेऊन मास्तरांकडे किंवा धर्मगुरूंकडे येई आणि वाचून दाखवायला सांगे. वाचणारा ‘आई’ असा शब्द उच्चारी, तेव्हा ती त्याची आई नसे, आणि ते दोघांनाही ठाऊक असे. तरी त्यात खोटेपणा कुठे होता? खोटेपणा झाला असता तो त्याने पुटपुटत, कंटाळत, मजकूर गाळत वाचले असते तर. चांगला वाचणारा त्या मुलाच्या काळजीला आपला आवाज देई, आणि वाचता वाचता कधी त्याचाही गळा दाटून येई. पत्र दुसऱ्याचे होते, पण माया काय असते हे त्यालाही कळत होते.

दुसऱ्याची प्रार्थना गाणारा विद्यार्थी असा पत्र वाचणारा आहे. या नात्यातून त्याची तीन कर्तव्ये निघतात. पहिले, पत्रात काय लिहिले आहे ते त्याने समजून घ्यावे. तेलुगू वा संस्कृत ओळीचा अर्थ गुरूला विचारल्याशिवाय ती घोकू नये. दुसरे, ते मन लावून वाचावे. आतून नाक मुरडत गाणे हा गुरूचा आणि रचनाकाराचा उपमर्द आहे. तिसरे कर्तव्य सर्वांत महत्त्वाचे: पत्रातला मायना बदलू नये. दुसऱ्याच्या आईचे नाव खोडून तिथे आपल्या आईचे नाव घालणाऱ्याला आपण मातृभक्त म्हणणार नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये काही कर्नाटक गायकांवर ख्रिस्ती गीते गायल्याबद्दल समाजमाध्यमांतून तुटून पडण्यात आले आणि एका गायकाचा नियोजित कार्यक्रम रद्द झाला. धमक्यांचे समर्थन कोणीही करू नये. टी. एम. कृष्णा यांनी तेव्हा येशू किंवा अल्लाह यांच्यावरील एक कर्नाटक गीत दर महिन्याला प्रसिद्ध करण्याचा निर्धार जाहीर केला, त्यातले धैर्यही मोठे होते. पण त्या गदारोळात एक आक्षेप असा होता की, त्यागराजांच्या कृतींत रामाच्या जागी येशूचे नाव घातले जाते. असे कोणी कोठे करीत असेल, तर ते आपणच प्रथम अयोग्य म्हटले पाहिजे. प्रभूच्या नामाला उसन्या शब्दांची गरज नाही.

आपले पत्र आपण लिहावे. तंजावरात मराठ्यांचे राज्य असताना दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळी वेदनायगम शास्त्री (१७७४–१८६४) यांनी तेच केले. राजे आणि कवी दोघेही मिशनरी श्वार्ट्झ यांच्या हाताखाली शिकलेले. शास्त्रींनी तमिळ ‘कुरवंजी’ हा लोकप्रिय नाट्यगीतांचा साचा घेऊन ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. पुढे मायावरमचे मुन्सफ वेदनायगम पिळ्ळै (१८२६–१८८९) यांनी याहून एक पाऊल पुढे टाकले. हे निष्ठावंत कॅथलिक प्रापंचिक गृहस्थ, तमिळमधील पहिल्या कादंबरीचे लेखक. कोणत्याही धर्माच्या माणसाला निःशंकपणे म्हणता यावीत अशी कीर्तने त्यांनी ‘सर्व समय समरस कीर्तनै’ या संग्रहात रचली, आणि ती कर्नाटक गायकांनी आपली मानली. ज्या घरात तो पाहुणा म्हणून गेला, त्या घरात एका ख्रिस्ती माणसाने इतरांसाठी पान मांडले. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ सिद्ध केले, तेव्हा त्यांनीही मराठीची ओवी घेतली, पण ओवीतला आशय आपल्या श्रद्धेतून उभा केला. साचा सर्वांचा असतो. साक्ष ज्याची त्याने द्यायची असते.

आता पालकांसाठी थोडे. शिकवणीच्या खोलीत गाणे आणि देवळात पूजाविधीचा भाग म्हणून गाणे, यांत फरक आहे. पहिले अध्ययन आहे, दुसरे उपासनेत सहभागी होणे आहे. ही सीमा मुलाला समजावून सांगावी आणि गुरूंनाही नम्रपणे, आरंभीच सांगावी. खरा गुरू स्पष्ट बोलण्याने दुखावत नाही. गुरूच्या पाया पडणे हा विद्येचा मान आहे, त्यात संकोच नसावा. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा प्रश्न हाताळला आहे, तो पालकांनी जरूर वाचावा. तेथे पौल ज्ञानाने आलेली मोकळीक नाकारत नाही. पण तिच्यामुळे दुबळ्या बांधवाचे मन ठेचाळू नये, अशी काळजी घेतो. म्हणून एखाद्या मुलाला स्वतःलाच टोचणी लागत असेल, तर कलेच्या नावाने त्याच्यावर सक्ती करू नये. त्याने स्वरपाठ, अलंकार आणि रागालापन यांवर मेहनत घ्यावी, तेथेही आयुष्यभर पुरेल इतके आहे. आणि ज्याला टोचणी नाही, त्याच्याकडे संशयाने पाहू नये.

दुसऱ्याचे पत्र मनापासून वाचणाऱ्याला घरी आल्यावर आपल्या आईला पत्र लिहावेसे वाटते. एकेका शब्दाचा अर्थ विचारून, तो कुठे तोडायचा आणि कुठे जोडायचा हे वर्षानुवर्षे शिकलेली मुलगी रविवारी मिस्साबलिदानात स्तोत्र म्हणायला उभी राहील, तेव्हा ते कसे म्हणेल? त्यागराजांच्या शब्दांना जिने एवढे जपले, ती दाविदाच्या शब्दांवरून घाईघाईने पळत जाणार नाही. आपल्या गायकवृंदात पेटी, गिटार, ध्वनिक्षेपक सर्व काही आहे. प्रतिसाद-स्तोत्राचा आशय त्या रविवारी काय होता, हे मिस्सानंतर पायऱ्या उतरताना किती जणांना सांगता येईल? परक्या प्रार्थनेचे शब्द आपल्या मुलांच्या ओठी येतात, याची चिंता आपण अवश्य करावी. आपल्या प्रार्थनेचे शब्द आपल्याच ओठांवर परके होत असतील, तर त्याची चिंता त्याआधी करावी.