पाठ टेकण्याचा हक्क
रोमन धनिक मेजवानीत लोडांवर रेलून जेवत आणि गुलाम उभे राहून वाढत. अशा रेलून जेवण्याला इंग्रजीत ‘अक्युबेशन’ हा जुना शब्द आहे. आज तो कोशातच भेटतो. त्याच्याच लॅटिन कुळातला ‘इन्कम्बन्ट’ मात्र टिकला. मूळ अर्थ वर रेललेला, आजचा अर्थ पदावर असलेला.

आपला तक्क्या फारसीतून आला. त्याला टेकून बसे तो मालक, समोर ताठ बसे तो चाकर. पण ‘तकिया’ म्हणजे फकिराचे ठिकाणही! सत्तेचा लोड आणि निष्कांचनाचा आसरा एकाच शब्दात नांदतात. प्रेषित मुहम्मद (स.) रेलून जेवत नसत, अशी नोंद सहीह बुखारीत आहे.

मग रेलणे वाईट का? आम्ही खारदांड्याची माणसे तसे म्हणणार नाही. ओहोटीला होड्या चिखलात कलंडतात, भरतीला उठून कामाला लागतात. त्यांना आळशी कोण म्हणेल? विसावा हा श्रमाचाच भाग आहे. वाईट आहे ते स्वतः रेलून दुसऱ्याला उभे ठेवणे. दुकानातल्या कामगारांना बसायला जागा मिळावी म्हणून केरळला २०१८ मध्ये आणि तमिळनाडूला २०२१ मध्ये कायदा बदलावा लागला. दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलीकडून आपण कापड घेतो, तिच्या पायांचा विचार करत नाही. तक्क्याला टेकताना एवढे तरी विचारावे: आपला भार वाहणाऱ्याला पाठ टेकायला जागा आहे का?